लंगडणारा घोडा, बधिर केलेली नस आणि मोजलेली हालचाल

घोड्याच्या लंगडण्याचे निदान करताना पशुवैद्यकापुढे दोन वेगवेगळे प्रश्न असतात. घोडा कोणत्या पायाने लंगडतो हा पहिला, आणि त्या पायात नेमके कोठे दुखते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घोड्याला चालवून आणि दुडकवून बहुधा मिळते. दुसऱ्याचे मात्र सहजासहजी मिळत नाही, कारण पायाच्या खालच्या भागातील पुष्कळसे विकार खुराच्या कठीण कवचाआड दडलेले असतात, सूज किंवा ऊब हाताला लागेलच असे नसते, आणि क्ष-किरण चित्रात दिसणारा प्रत्येक बदल दुखणारा असतोच असेही नाही. या अडचणीवर पशुवैद्यकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जो उपाय शोधला तो आजही निदानाचा कणा आहे: पायाच्या विशिष्ट भागाला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूजवळ भुलीचे औषध टोचायचे, तो भाग बधिर होऊ द्यायचा आणि घोड्याला पुन्हा दुडकवायचे. लंगडणे गेले किंवा ठळकपणे कमी झाले तर दुखण्याचे मूळ बधिर झालेल्या टापूत आहे असे मानायचे. तसेच राहिले तर मूळ त्याच्या वर आहे असे समजून पुढच्या पायरीकडे जायचे. या पद्धतीला पशुवैद्यकांच्या बोलण्यात ‘नर्व्ह ब्लॉक’ किंवा नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात. युक्ती साधी आहे, परंतु तिच्यात एक दुबळा सांधा आहे आणि तो घोड्याच्या पायात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. ‘लंगडणे कमी झाले’ हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, या प्रश्नाचा आणि गेल्या काही दशकांत त्याला मिळालेल्या उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे.

ब्लॉकचा इतिहास माणसांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. पशुवैद्यकांनीही ते औषध लवकरच घोड्यांच्या पायांसाठी वापरून पाहिले. पुढे कोकेनची जागा कमी घातक औषधांनी घेतली. त्यांपैकी स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ च्या सुमारास तयार केलेले लिडोकेन भारतात लिग्नोकेन किंवा झायलोकेन या नावाने दात काढून घेतलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. घोड्यांच्या निदानासाठी आज मेपिव्हॅकेनचे दोन टक्के द्रावण अधिक पसंत केले जाते, कारण ते ऊतींना कमी चुरचुरते आणि त्याचा परिणाम दीड ते तीन तास टिकत असल्यामुळे तपासणीला पुरेसा अवकाश मिळतो.

सर्वांत खालचा आणि सर्वाधिक वापरला जाणारा ब्लॉक खुराच्या टाचेकडे जाणाऱ्या दोन नसांचा असतो. टाचेच्या वरच्या खोबणीत, खुराच्या बाजूच्या कूर्चेच्या वरच्या काठाशी, रक्तवाहिनीला लागून जाणारी दोरीसारखी नस बोटाने चाचपता येते. पाय उचलून धरलेला असतो, कातडी स्वच्छ केलेली असते, आणि जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीच्या बारीक सुईने आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दोन मिलिलिटर औषध टोचले जाते. मोतद्दाराने डोके घट्ट धरले नाही तर सुई टोचताच पाय हिसकावला जातो आणि औषध मातीत सांडते, म्हणून ही दोन मिनिटे घोड्याच्या स्वभावाइतकीच मोतद्दाराच्या हातावर अवलंबून असतात. पाच-सात मिनिटांनी पेनाच्या बोथट टोकाने टाचेचा मऊ फुगवटा दाबून पाहतात. घोड्याने पाय ओढला नाही तर कातडी बधिर झाली असे समजतात. कातडी बधिर होणे म्हणजे आतले सर्व काही बधिर होणे नव्हे, ही सावधगिरी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्गात शिकवली जाते आणि पुढे घाईत सर्वांत आधी तीच विसरली जाते.

या ब्लॉकने नेमका किती भाग बधिर होतो याविषयीची समजूत गेल्या काही दशकांत पार बदलली. पूर्वी असे मानत की तो खुराचा फक्त मागचा तिसरा हिस्सा बधिर करतो, आणि त्यामुळे तो लागू पडला की नॅव्हिक्युलर हाडाचा विकार असे निदान बेधडक लिहिले जाई. हे हाड खुराच्या आत, मागच्या बाजूला, खोल स्नायूबंधाखाली असते. आता हे स्पष्ट झाले आहे की हाच ब्लॉक संपूर्ण तळवा आणि खुरातील सांध्याचे दुखणेही बऱ्याच अंशी शमवतो. त्याशिवाय टोचलेले औषध जागच्या जागी राहत नाही. क्ष-किरणांत दिसणारा द्रव त्याच जागी टोचून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की तो नस आणि रक्तवाहिनीच्या कडेकडेने काही मिनिटांतच वर सरकतो. म्हणून खालच्या ब्लॉकनंतर अर्ध्या तासाने घोडा सुधारला तर ती सुधारणा खालच्या टापूची की वरच्या, हे सांगता येत नाही. औषध टोचण्याची जागा आणि प्रमाण यांच्याइतकेच टोचल्यापासून तपासण्यापर्यंतचे अंतर महत्त्वाचे ठरते ते यामुळेच, आणि तपासणी पाच ते दहा मिनिटांत उरकण्याचा आग्रहही यामुळेच धरला जातो.

ब्लॉक खालून वर दिले जातात. वरची नस आधी बधिर केली तर तिच्याखालचे सर्व काही एकदम निःशब्द होते आणि उत्तर संदिग्ध राहते. टाचेच्या नसांनंतर फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वरील मोठ्या सांध्याच्या, मागील दोन छोट्या हाडांच्या तळाशी, मग त्याच्याही वर चार ठिकाणी, असा क्रम पुढच्या पायात चालतो. प्रत्येक पायरीला घोडा पुन्हा दुडकवला जातो, आणि प्रत्येक पायरीला पाहणाऱ्याला आपल्या आठवणीतील आधीची चाल आणि समोरची आताची चाल यांची तुलना करावी लागते. येथेच अडचण सुरू होते.

लंगडणे पाहण्याचे नियम जुने आणि खरे आहेत. दुडकीत घोडा तिरप्या जोड्यांनी पाय टाकतो: डावा पुढचा उजव्या मागच्याबरोबर, उजवा पुढचा डाव्या मागच्याबरोबर. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर त्यावर भार पडताच घोडा मान वर उचलून तो भार हलका करतो आणि निरोगी पायावर येताना डोके खाली जाते. मागच्या पायाच्या दुखण्यात हीच विषमता पुठ्ठ्याच्या वरखाली होण्यात उमटते. ठळक लंगडणे नालबंदापासून चाबूकस्वारापर्यंत सर्वांना दिसते. परंतु दुडकीचे एक पूर्ण पाऊल साधारण पाऊण सेकंदात संपते, आणि हलक्या लंगडण्यात फरक असतो तो डोक्याच्या दोन खालच्या स्थितींमधील एक-दोन सेंटिमीटरचा. वीस-पंचवीस टक्क्यांहून लहान विषमता माणसाच्या डोळ्याला भरवशाने पकडता येत नाही असे प्रयोग सांगतात, आणि हा दोष कोणा एकाच्या कौशल्याचा नसून दृष्टीच्या घडणीचाच आहे.

अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाचे केव्हिन कीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३१ घोडे अनुभवी पशुवैद्यकांनी स्वतंत्रपणे तपासले. सरळ रेषेतील दुडकी पाहून अमुक पाय लंगडा आहे की नाही यावर त्यांचे एकमत सुमारे ७७ टक्के वेळा झाले. हा आकडा वरवर बरा वाटतो, पण त्याची फोड केली की खरी स्थिती दिसते. अमेरिकी पशुवैद्यक शून्य ते पाच अशा श्रेणींत लंगडणे मोजतात. सरासरी श्रेणी दीडपेक्षा अधिक असलेल्या घोड्यांबाबत एकमत ९३ टक्के होते, तर दीड किंवा त्याहून कमी श्रेणीच्या घोड्यांबाबत ते ६२ टक्क्यांवर आले, म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा थोडेच वर. पूर्ण तपासणी केल्यावरही हे चित्र सुधारले नाही. ब्लॉकच्या निदानात तर हलक्या श्रेणींशीच सतत गाठ पडते, कारण अर्धवट शमलेले लंगडणे हे हलके लंगडणेच असते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने फारसे बोलले जात नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील संशोधकांनी २००६ साली ‘व्हेटर्नरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात पुरावा मांडला की घोड्याला ब्लॉक दिला आहे हे ठाऊक असणे हेच परीक्षकाच्या निकालावर परिणाम करते. ज्याने सुई टोचली, ज्याच्या मनात निदान आधीच आकार घेऊन बसले आहे, मालक शेजारी उभा आहे आणि घड्याळ पुढे सरकते आहे, त्याला सुधारणा दिसण्याची शक्यता वाढते. यात अप्रामाणिकपणा नाही. औषधांच्या चाचण्यांत डॉक्टरालाही खरी गोळी कोणती हे सांगत नाहीत ते याच कारणासाठी. लंगडेपणाच्या तपासणीत मात्र टोचणारा, पाहणारा आणि निकाल देणारा एकच असतो, आणि ही व्यवस्था इतकी रूढ आहे की ती कोणाला खटकतही नाही.

घोड्याची चाल यंत्राने टिपण्याची कल्पना नवी नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी घोड्याच्या खुरांखाली हवेने भरलेले रबरी फुगे बसवून प्रत्येक पाऊल जमिनीला कधी टेकते याची नोंद स्वाराच्या हातातील फिरत्या कागदावर उमटवली आणि १८७३ च्या आपल्या ग्रंथात ती छापली. पाच वर्षांनी कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेऱ्यांच्या रांगेने धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात हे सिद्ध केले. विसाव्या शतकात जमिनीत बसवलेले भारमापक फलक आले, जे प्रत्येक पायाने जमिनीवर लावलेले बल न्यूटनमध्ये सांगतात आणि आजही कसोटीचा दगड मानले जातात. त्यांच्या मागून, अंगावर चिकटवलेल्या परावर्तक ठिपक्यांचा माग अनेक कॅमेऱ्यांनी घेणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ही सर्व साधने अचूक असली तरी घोड्याने त्यांच्याकडे जायचे असते, आणि भारमापक फलकावर तर लंगडा पाय नेमका त्या चौकोनात पडेपर्यंत घोड्याला पुन्हा पुन्हा दुडकवावे लागते. तबेल्याच्या अंगणातल्या ब्लॉकला त्यांचा उपयोग नव्हता.

तो अडसर दूर केला तो अंगावर लावायच्या बिनतारी संवेदकांनी. प्रचलित व्यवस्थेत तीन छोटे संवेदक असतात: एक डोक्यावर दोन कानांच्या मागे, एक पुठ्ठ्याच्या सर्वोच्च बिंदूवर, आणि एक उजव्या पुढच्या पायाला खुराच्या वर बांधलेला. पहिले दोन वरखाली होण्याचे त्वरण मोजतात, तर तिसरा पायाचा फिरण्याचा वेग मोजून कोणत्या क्षणी कोणता पाय जमिनीवर आहे हे सांगतो. सेकंदाला दोनशे नोंदी संगणकाकडे जातात. त्वरणावरून गणिताने स्थानातील बदल काढला जातो आणि प्रत्येक पावलात डोके किती खाली गेले, किती वर आले हे मिलिमीटरमध्ये मिळते. निरोगी घोड्याचे डोके एका पूर्ण पावलात दोनदा खाली आणि दोनदा वर जाते व दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच. लंगड्या घोड्यात दोन खालच्या स्थितींमध्ये आणि दोन वरच्या स्थितींमध्ये फरक पडतो, आणि हे दोन फरक हेच मोजमापाचे मूळ एकक आहे. पुठ्ठ्यासाठीही तसेच: मागचा पाय जमिनीवर असताना पुठ्ठा कमी खाली गेला तर भार घेण्याच्या वेळी दुखते, आणि पाय सोडल्यावर कमी वर गेला तर रेटा देताना दुखते, असा स्थूल अर्थ लावतात.

या मोजमापांसोबत दोन आकडे प्रसिद्ध पावले आहेत: डोक्यासाठी ६ मिलिमीटर आणि पुठ्ठ्यासाठी ३ मिलिमीटर. यांना अनेकजण लंगडेपणाची सीमारेषा समजतात, आणि ही समजूत सर्वांत जास्त गोंधळ घालते. हे आकडे मुळात पुनरावृत्तीच्या अभ्यासातून आलेले आहेत. एकाच घोड्याला, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा दुडकवले तरी दोन निकाल तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात साधारणपणे जेवढा फरक पडू शकतो त्या पट्ट्याची ही रुंदी आहे. म्हणजे ६ मिलिमीटर ही दुखण्याची मात्रा नसून मोजमापाच्या नैसर्गिक डळमळीची मर्यादा आहे. ‘घोडा लंगडा आहे का’ या प्रश्नासाठी ही मर्यादा जेवढी अपुरी, तेवढीच ‘ब्लॉकने काही बदलले का’ या प्रश्नासाठी ती नेमकी हवी तशी आहे, कारण बदल डळमळीपेक्षा मोठा आहे की नाही हेच तेथे जाणून घ्यायचे असते.

उदाहरणादाखल डाव्या पुढच्या पायाने लंगडणारा एक काल्पनिक घोडा घ्यावा. पहिल्या दुडकीत डोक्याच्या खालच्या स्थितींमधील सरासरी फरक २४ मिलिमीटर आणि पावलापावलातील विचलन ९ मिलिमीटर. ब्लॉकपूर्वीच दुसऱ्यांदा दुडकवले तर २१. टाचेच्या नसा बधिर केल्यावर १९, आणि पुढची पायरी घेतल्यावर ५. डोळ्याने पाहणारा २४ वरून १९ वर आलेल्या घोड्याला ‘थोडा सुधारला’ म्हणण्याची पुष्कळ शक्यता आहे, आणि तो ‘थोडा’ निदानपत्रात शिरला की खुराच्या मागच्या भागाचा संशय तेथे कायमचा घर करतो. आकडे मात्र सांगतात की ब्लॉकशिवायच २४ चे २१ झाले होते, तेव्हा १९ ला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो ५ ला. ब्लॉकपूर्वी दोनदा मोजण्याची ही सवय संवेदक विकत घेण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

टक्केवारीचा मोह येथे विशेष घातक ठरतो. परंपरेने लंगडणे सत्तर-ऐंशी टक्के कमी झाले तर ब्लॉक लागू पडला असे म्हणतात, आणि संवेदकांच्या आकड्यांसाठी काहीजण पन्नास टक्क्यांची रेषा ओढतात. परंतु ८ मिलिमीटरचे ४ झाले तरी घट पन्नास टक्के आणि ४० चे २० झाले तरी पन्नास टक्केच. पहिली घट डळमळीच्या पट्ट्यात पूर्णपणे बुडून जाते; दुसरी निःसंशय खरी आहे, पण उरलेले २० मिलिमीटर सांगतात की दुखण्याचा दुसराही उगम आहे किंवा बधिरता अपुरी आहे. त्यामुळे ब्लॉकसाठी घोडा निवडतानाच मूळ विषमता डळमळीपेक्षा बऱ्यापैकी मोठी असली पाहिजे. फार हलके लंगडणाऱ्या घोड्याला आधी काही दिवस काम देऊन लंगडणे स्पष्ट होऊ देणे हा जुन्या पशुवैद्यकांचा परिपाठ होता. यंत्राने तो मोडीत काढलेला नाही, उलट त्याला आकड्यांचा आधार दिला आहे.

मोजमापाची खरी किंमत कळते ती दोन्ही पाय दुखणाऱ्या घोड्यांत. नॅव्हिक्युलर भागाचे दुखणे बहुधा दोन्ही पुढच्या पायांत असते, आणि दोन्ही पाय जवळजवळ सारखेच दुखत असतील तर डोके हलत नाही. घोडा फक्त आखडून, छोटी पावले टाकत चालतो. डाव्या पायात ८ मिलिमीटरची किरकोळ विषमता दिसणाऱ्या अशा घोड्याचा डावा खूर बधिर केला की विषमता शून्यावर न थांबता उजवीकडे उलटते आणि १५ किंवा २० होते. शून्याकडे पाहत बसलेल्या डोळ्याला हा घोडा ‘बिघडला’ असे वाटू शकते. आकड्याला चिन्ह असते, डावीकडचा फरक ऋण आणि उजवीकडचा धन, आणि ऋण ८ वरून धन १५ वर झालेला २३ मिलिमीटरचा प्रवास हा ब्लॉक लागू पडल्याचा भक्कम पुरावा असतो. त्यानंतर उजवा खूर बधिर केल्यावर घोडा मोकळा, लांब पावले टाकू लागला की निदान पुरे होते. लांब पावले मात्र विषमतेच्या आकड्यात दिसत नाहीत. ती डोळ्यानेच पाहावी लागतात.

याहून अवघड आहे भरपाईच्या हालचालींचा प्रश्न. डाव्या मागच्या पायात दुखत असेल तर तो जमिनीवर येताना घोडा डोके पुढे आणि खाली झुकवून मागचा भार कमी करतो. दुडकीत त्याच क्षणी उजवा पुढचा पाय जमिनीवर असतो; परिणामी डोके उजव्या पुढच्या पायावर खाली आणि डाव्यावर वर दिसते, म्हणजे घोडा डाव्या पुढच्या पायानेही लंगडतो असा भास होतो. उलट पुढच्या पायाचे खरे दुखणे मागच्या तिरप्या पायात भास निर्माण करते. यातून एक व्यावहारिक नियम निघाला: विषमता एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्या पायांत दिसली तर संशय आधी मागच्यावर, तिरप्या जोडीत दिसली तर आधी पुढच्यावर. नियम उपयोगी आहे, अभेद्य नाही. ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासांनी संवेदकांच्या साहाय्याने दाखवले की पुढच्या पायाचे दुखणे ब्लॉकने शमवले की मागची भासमान विषमताही घटते. स्वीडनमधील मारी रोदीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली खांद्यांमधल्या, मानेच्या बुडाच्या उंचवट्याची हालचालही मोजावी असे सुचवले: डोके आणि हा उंचवटा एकाच पुढच्या पायाकडे बोट दाखवत असतील तर दुखणे पुढे असण्याची शक्यता अधिक, परस्परविरुद्ध दाखवत असतील तर मागे. एका चुकीच्या पायावर चार सुया वाचल्या तरी घोड्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

यंत्राचे आकडे बिघडवणारी कारणे मात्र बहुतेक साधी आणि मानवी असतात. मोतद्दाराने बागदोर आखूड धरली तर डोक्याची हालचालच दाबली जाते. दोर सैल ठेवून घोड्याच्या खांद्याशेजारून समान वेगाने धावणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते. घोडा अंगणातल्या कुत्र्याकडे पाहू लागला की डोक्याचा आकडा विस्कटतो, पुठ्ठ्याचा सहसा नाही, म्हणून पुठ्ठ्याची मोजमापे अधिक स्थिर असतात. सरासरीपेक्षा विचलन मोठे असेल तर तो निकाल बाजूला ठेवून पुन्हा मोजावे. किमान पंचवीस पावले हवीत. ब्लॉकच्या आधी आणि नंतर जमीन तीच, वेग तोच, दोर धरणाराही शक्यतो तोच असावा. दोरीवर गोल फिरवताना तर निरोगी घोड्यातही आतल्या मागच्या पायाचे लंगडणे भासावे अशी विषमता उमटते आणि वर्तुळ लहान, वेग अधिक तसतशी ती वाढते. तेव्हा वर्तुळावरील आकड्यांना सरळ रेषेची मर्यादा लावणे सर्वथा चूक आहे.

आता त्या प्रश्नाकडे वळावे लागते ज्याने या क्षेत्रात खरा वाद पेटवला. रोदीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २०१७ साली २२२ स्वारीच्या घोड्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. सर्व घोडे नियमित कामात होते आणि मालकांच्या मते निरोगी होते. त्यांपैकी १६१ घोडे, म्हणजे ७२.५ टक्के, वर सांगितलेल्या मर्यादांपलीकडे विषम निघाले. हे सगळे लपलेले लंगडे की माणूस डावखुरा असावा तसे जन्मजात विषम? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासात अशाच ६६ विषम घोड्यांना मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन पाहिले. विषमतेत लक्षणीय फरक पडला नाही. यावरून दुखणे नव्हतेच असे सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक दुखणे या गटातील औषधांना दाद देत नाही. मात्र मिलिमीटरचा आकडा आणि वेदना यांचे समीकरण मांडणाऱ्यांचा आधार त्याने काढून घेतला. ‘लंगडेपणाची व्याख्याच बदलायची का’ असा प्रश्न २०१७ मध्येच ‘इक्वाइन व्हेटर्नरी जर्नल’मधून विचारला गेला आणि त्यावर नामवंत चिकित्सकांनी तीव्र प्रतिवाद केला. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर अडखळले असे म्हणणे भाग आहे: एकट्या मोजमापाला न्यायाधीश बनवण्याचा हट्ट किंवा भय. मोजमाप साक्षीदार म्हणून उत्तम आहे. एका घोड्याची तुलना दुसऱ्या घोड्याशी करताना जन्मजात विषमता, बांधा, स्वभाव हे सर्व मध्ये येते. ब्लॉकच्या आधीची आणि नंतरची तुलना करताना घोडा तोच, विषम असेल तर दोन्ही वेळा तेवढाच विषम, आणि मध्ये बदललेली गोष्ट एकच, पायातली संवेदना. ज्या प्रश्नावर संवेदक एकटा मुका राहतो, म्हणजे विषमतेमागे दुखणे आहे का, त्याचे उत्तर सुई आणि संवेदक मिळून देतात. याचा अर्थ प्रत्येक विषम घोड्याला टोचत सुटावे असा नाही. सांध्याजवळ टोचलेली प्रत्येक सुई संसर्गाची लहानशी का होईना जोखीम आणते.

या सर्व विवेचनात एक गृहीत आहे: दुडकी मोजली म्हणजे लंगडणे मोजले. काही घोडे हाताने दुडकवताना निर्दोष आणि स्वार बसताच अडखळणारे असतात. इंग्लंडमधील सू डायसन यांनी स्वाराखालील घोड्याच्या वेदनेच्या २४ वर्तनखुणांची सूची तयार केली, कान मागे टाकण्यापासून तोंड उघडे ठेवण्यापर्यंत, आणि त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्यास दुखण्याचा संशय घ्यावा असे सुचवले. दोन्ही बाजूंना सारखेच दुखत असलेल्या, त्यामुळे विषमता न दाखवणाऱ्या घोड्यात ब्लॉकनंतर या खुणा कमी झाल्या तर तोही आधी-नंतरचाच पुरावा असतो, फक्त मिलिमीटरमध्ये न मोजलेला.

महाराष्ट्रापुरता विचार करायचा तर घोडे आणि साधने यांची वाटणी फारच विषम आहे. महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यतीच्या घोड्यांना पशुवैद्यकीय सेवा दाराशी मिळते. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माथेरानच्या लाल वाटांवर पर्यटक वाहणारे किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत विकले जाणारे घोडे मात्र लंगडले तर मालकाचा आणि नालबंदाचा अंदाज हेच निदान असते. महागडे संवेदक तेथे पोहोचतील ही अपेक्षा अवास्तव आहे. परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रफितीवरून, अंगावर काहीही न बांधता, डोके आणि पुठ्ठा यांची हालचाल मोजणारी संगणकीय साधने स्वीडनमधून आता व्यवहारात आली आहेत, आणि त्यांची गरज एवढीच की वीस-तीस मीटर सपाट, कठीण जमीन असावी आणि दोर सैल धरणारा माणूस असावा. तेही नसेल तेव्हा ब्लॉकपूर्वी व नंतर एकाच जागेवरून घेतलेल्या दोन चित्रफिती, क्रम न सांगता, दुसऱ्या पशुवैद्यकाला दाखवणे शक्य असते. आधीची कोणती हे ठाऊक नसलेला डोळा हे विनामूल्य साधन आहे.

शर्यतीच्या घोड्यांबाबत मात्र हे सारे तंत्र एका ठिकाणी थांबवावे लागते. वेगवान कामानंतर एकाएकी आणि जबर लंगडू लागलेल्या घोड्याच्या हाडात केसाएवढी चीर असू शकते. ती दुखते म्हणूनच घोडा त्या पायावर भार टाकत नाही, आणि ब्लॉकने ते दुखणे काढून घेऊन त्याला दुडकवले तर चिरेचे पूर्ण अस्थिभंगात रूपांतर होऊ शकते. अशा घोड्याला आधी क्ष-किरण चित्र, पहिल्या चित्रात चीर दिसली नाही तर पायाला आधारपट्टी आणि तबेल्यातील विश्रांती, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा चित्र. तोवर त्याच्या पायाला सुईही नाही आणि डोक्यावर संवेदकही नाही.